सर अजून झाले नाहीत

दारव्ह्यात आमच्या क्लासचा पत्ता विचारला की लोक आधी गॅरेज दाखवत आणि मग बोट वर करत. खाली सरांच्या मोठ्या भावाचं गॅरेज, वर सरांचा कॉम्प्युटर क्लास, आणि मध्ये चढताना दणदण वाजणारा लोखंडी जिना. जिना संपतो तिथे एक स्टूल ठेवलेलं असे. सकाळी त्या स्टुलावर सर बसलेले असत आणि तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नाही, हा क्लासचा पहिला नियम होता.

तिथे बसून सर आधी चष्मा पुसत. मग तांब्यातलं पाणी पीत. मग खिशात पेन आहे का ते चाचपून पाहत, शर्टाचं वरचं बटण लावत, आणि आज काय शिकवायचं ते ओठांतल्या ओठांत म्हणत. एवढं झालं की उभे राहत, रिकाम्या जिन्याकडे बघत आणि समाधानाने म्हणत, "हं. आता मी आहे."

त्याआधी कुणी काही विचारलं, अगदी आग लागली म्हणून सांगितलं, तरी उत्तर ठरलेलं. "थांब बेटा. अजून मी झालो नाही."

चहावाल्याला हे इतकं पाठ होतं की तो खालूनच ओरडायचा, "सर झाले का?" आणि वरून एखादं पोट्टं ओरडायचं, "नाही जी, अजून चष्म्यावरच हायेत!" हळूहळू ते गावातच पसरलं. नवरदेव मांडवात वेळेवर आला नाही की दारव्ह्यात लोक म्हणत, झाला नसंल अजून.

एका वर्षी क्लासच्या वर्धापनदिनाला गावातले एक मोठे पुढारी पाहुणे म्हणून बोलावले होते. ते चक्क वेळेच्या आधी आले. पुढारी लवकर येतो हे आम्हीही पहिल्यांदाच पाहत होतो. सर स्टुलावर, चष्म्याची एक काच पुसून झालेली, दुसरी राहिलेली. पुढाऱ्यांनी हात जोडले. सरांनी मान वर न करता एक बोट दाखवलं. "थांबा. अजून मी झालो नाही." मागचे कार्यकर्ते लाल झाले. पुढारी जिन्याच्या वरून दुसऱ्या पायरीवर तसेच हात जोडून उभे. सरांनी दुसरी काच पुसली, पाणी प्यायलं, पेन चाचपलं, बटण लावलं, आणि मग एकदम खुललेल्या चेहऱ्याने म्हणाले, "हं. आता मी आहे. अरे, या या साहेब, तुम्ही कव्हा आले?" त्या माणसाला रागवायला जागाच उरली नाही. भाषणात ते म्हणाले, "इतकी वर्षं राजकारणात काढली, पण मी झालो का नाही हे आपल्याले कोणी विचारलंच नाही."

लोकांना वाटे सर चक्रम आहेत. ते होतेच, पण हा चक्रमपणा अभ्यासक्रमातला होता. सर आम्हाला प्रोग्रामिंग शिकवत, ऑब्जेक्टवालं. प्रोग्राममध्ये एखादा ऑब्जेक्ट तयार होतो तेव्हा सगळ्यात आधी त्याचा कन्स्ट्रक्टर चालतो, म्हणजे त्याला जे जे लागणार ते सगळं त्याच क्षणी त्याच्या हातात दिलं जातं. पुस्तकात हे दोन ओळींत आहे. सरांना त्याला एक आठवडा लागे.

"अर्धा बनलेला ऑब्जेक्ट कामाले लावू नका," ते फळ्यावर खडू आपटत म्हणत. "तो दिसते पुरा. चालते बी. आन् भर कामात हात पसरते, का मले हे नाही, मले ते नाही. मांगायचं ते जन्मतानाच मांगून घ्या ना लेकहो."

मला हा धडा वर्गात शिकायची गरजच पडली नाही, कारण तो आधीच माझ्यावर चालवून झाला होता. मी दारव्ह्याजवळच्या तांड्यातली. ॲडमिशनला माझी याडी, म्हणजे आई, सोबत आली होती. दोघी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून आलो होतो. आधी ज्या दुसऱ्या क्लासात गेलो तिथे पहिला प्रश्न फीचा होता. सरांनी माझं नाव विचारलं, आणि दुसरा प्रश्न केला, "जेवली का?"

मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. दूरचं दिसते का? परतीची जीप कोणती? ती चुकली तर? पावसात नाल्याला पूर आला तर त्या दिवशी कुठे राहशील? घरी अभ्यासाला जागा आहे का, का धाकटी भावंडं वहीवर बसतात?

याडीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मास्तर, तुम्ही हे कायले विचारून राह्यले? पोरीले कॉम्प्युटर शिकवा ना."

"बाई," सर म्हणाले, "पोरगी हुशार असते. क्लास सोडते ते डोक्यापायी नाही सोडत. मधात कुठी तरी जीप चुकते, आन् मंग घरचे म्हणते बस झालं. म्हणून मी आजच सारं मांगून घेतो."

जीप चुकली तर काय, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. सर आम्हाला घेऊन खाली गेले. गॅरेजच्या मागेच भावाचं घर. तिथे सरांच्या भावजय, आम्हा सगळ्यांच्या चाची, भेटल्या. याडीने त्यांचं घर पाहिलं, त्यांच्या हातचा चहा घेतला, चाचींनी तिला कपाशीची वेचणी कुठवर आली ते विचारलं, आणि वर येऊन याडी म्हणाली, "घ्या नाव लिहून." पुढे जीप खरोखरच कितीदा तरी चुकली. मी चाचींच्या घरी जेवले, झोपले, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी वर जाऊन सर होण्याची वाट पाहत उभी राहिले.

सुरुवात करण्यापेक्षाही सरांचा जीव बंद करण्यात जास्त होता. ऑब्जेक्टचं आयुष्य संपतं तेव्हा डिस्ट्रक्टर चालतो. घेतलेलं सगळं तो परत करतो. उघडलेली फाइल मिटतो, अडवलेली जागा सोडतो. आणि क्रम उलटा: जे सगळ्यात शेवटी उघडलं ते सगळ्यात आधी बंद. संध्याकाळी क्लास बंद होताना हा क्रम पाळला गेलाच पाहिजे. प्रोग्राम, मग मशीन, मग यूपीएस, मग मेन स्विच, मग खिडकी, मग दार. घाईत कुणी खिडकी आधी लावली तर सर ती उघडायला लावून पुन्हा नीट क्रमाने लावून घेत. आम्ही चिडायचो. जीप निघून जायची.

आणि बटण दाबून मशीन बंद करणारा त्यांच्या लेखी कसाई होता.

लाइट जाणं आमच्याकडे रोजचंच. यूपीएस चीं चीं करायला लागला की त्यात जेवढा दम उरलाय तेवढ्यात सगळं मिटून घ्यायचं. सर मुद्दाम कधीतरी स्वतःच मेन स्विच ओढत. एकदा एका मुलाचा आठवडाभराचा प्रोजेक्ट त्यात गेला. तो रडवेला होऊन म्हणाला, "सर, सांगून त ओढायचं ना!" सर म्हणाले, "बेटा, ते का सांगून येते?" पण मग स्वतःच त्याच्या शेजारी बसून त्यांनी तो प्रोजेक्ट पुन्हा लिहून घेतला, आणि मध्ये दोनदा माफी मागितली.

निघताना जिन्याच्या वरच्या पायरीवर सर प्रत्येकाला विचारत, "काही धरून ठेवलं नाही ना?" प्रश्न फाइलींबद्दलचा होता. कुणी फाइल उघडी टाकून तर निघालं नाही ना, एवढंच. पण रोज रोज कुणी असं थांबवून विचारलं की माणूस खरं बोलायला लागतो. एक मुलगा म्हणाला, बापाशी भांडून आलो, घरी जाऊ वाटत नाही. एक मुलगी म्हणाली, पाहुणे पाहायले येणार हायेत सर, मले लग्न नाही करायचं. अशा वेळी सर पुन्हा स्टुलावर बसत आणि म्हणत, "मंग सोड इथे. सोडल्याबिगर कशी जाशील?" ते सल्ला फारसा देत नसत, ऐकून घेत. त्या मुलीच्या घरी मात्र ते स्वतः जाऊन आले. तिचं शिक्षण पुरं झालं.

या सगळ्याचं मूळ मला खाली गॅरेजात सापडलं. चाचा, म्हणजे सरांचे भाऊ, इंजिन खोलताना जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरत आणि निघालेला प्रत्येक भाग ओळीने मांडत जात. शेवटी निघालेला भाग बसवताना पहिला. मी एकदा म्हटलं, "चाचा, हे तर सरांचं डिस्ट्रक्टरचं लेक्चर आहे." ते हसले नाहीत. हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "अब्बा पेपर नहीं बिछाते थे."

त्यांचे वडील तालुक्यातले नावाजलेले मिस्त्री. सगळा हिशेब डोक्यात. कुठला नट कुणाच्या इंजिनाचा, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. एका दुपारी जेवून आले, कामाला बसले आणि बसल्या जागी गेले. गॅरेजभर इंजिनं उघडी पडलेली. कुणाच्या पंपाचं, कुणाच्या जीपचं. मुलांना क्रम माहीत नव्हता. दोन्ही भाऊ खूप झटले, पण एकही इंजिन पुन्हा उभं राहिलं नाही. मग लोक यायला लागले आणि आपापले भाग बोऱ्यांत भरून न्यायला लागले. कुणी रागावलं नाही. उलट म्हणत, मिस्त्री मोठा भला माणूस होता. सर तेव्हा कॉलेजात जायच्या वयाचे. बोऱ्याचं तोंड धरून उभं राहायचं काम त्यांच्याकडे होतं.

"तब से ये ऐसा है," चाचा म्हणाले. "मैं पेपर बिछाता हूं. ये हर चीज बिछाता है."

शिक्षण संपलं तरी मी क्लास सोडला नाही. सरांनीच मला खालच्या बॅचला शिकवायला ठेवलं. दोनेक वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात सर जिना चढताना मध्येच थांबायला लागले. आम्हाला म्हणायचे, जिना तपासून पाहून राह्यलो. शेवटी चाचांनी त्यांना गाडीत घालून नागपूरला नेलं. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, आणि लवकर करा म्हणाले. सर परत आले आणि 'लवकर' या शब्दाचा त्यांनी स्वतःपुरता अर्थ लावला: बॅच संपल्यावर.

बॅच अर्ध्यात होती. मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा पुढे होती, आणि डिस्ट्रक्टरचं प्रकरण तर सुरूही व्हायचं होतं. चाचा ओरडले. चाचींनी बोलणं टाकलं. सरांची बायको कधीचीच गेलेली, नागपूरची मुलगी फोनवर रडायची. सर सगळ्यांना एकच सांगत, "अब्बासारखं अर्ध्यात टाकून जाऊ काय? पोट्टे बोऱ्यात भरून नेतील का आपआपलं?" त्यांना मरणाची भीती नव्हती, त्या बोऱ्यांची होती. पण आम्हाला सर हवे होते, आणि दिवसागणिक ते जिन्यात जास्त वेळ थांबत होते.

चाचा मला म्हणाले, "तेरी सुनता है. तू बोल."

माझं कुणीच ऐकत नाही अशी माझी आजवरची समजूत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. सर स्टुलावर बसून चष्मा पुसत होते. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले आणि क्लासचा पहिला नियम मोडला.

"सर, मले बोलायचं आहे."

"थांब बेटा. अजून मी झालो—"

"म्हणूनच आत्ता बोलून राह्यली. एकदा का तुम्ही झाले, का मंग कोणाचं ऐकता तुम्ही?"

त्यांचा हात थांबला. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

"फाइल उघडली त्यानंच बंद केली पाहिजे असं कुठी लिहिलंय?" मी म्हटलं. "मालकी दुसऱ्याले देता येते. तुम्हीच शिकवलं. देणारा मोकळा होते आन् काम तसंच चालू राहते."

"देता येते," सर म्हणाले. आवाज मास्तरचा झाला होता. "पण मंग मालक एकच पाहिजे. दोघं जण आपलीच समजून एकच चीज बंद करायले गेले, का प्रोग्राम फुटते."

"तेच म्हणते मी. द्यायचा त क्लास पुरा द्या. दवाखान्यातून फोन करून आज काय शिकवलं ते विचारायचं नाही."

"एकदा बी नाही?"

"एकदा बी नाही. दिल्यावर तुमचा हात रिकामा पाहिजे."

सर पुसून झालेली काच पुन्हा पुसत राहिले. खाली चाचांची ठोकठोक बंद होती, म्हणजे ते कान देऊन उभे होते. मी तावातावाने बोलले खरी. पण डिस्ट्रक्टरचं ते प्रकरण मी आजवर कधीच शिकवलं नव्हतं.

मग सरांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "जेवली का?"

मला आधी कळलंच नाही.

"जेवली का? दोन्ही बॅच घेशील त परतीची जीप कोणती? चुकली त चाचीकडे राहजो. मोठे पोट्टे ऐकले नाही त कोणाले बोलावशील? यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली, ठाऊक आहे ना?" एकामागून एक ते विचारत गेले आणि मी उत्तरं देत गेले. डोळे भरून आले होते, ते पुसत पुसत देत गेले. पहिल्या दिवशी याडी शेजारी बसली होती, एवढाच काय तो फरक. शेवटी ते उठले आणि त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"झाली का मंग?"

मी पाणी प्यायले. पेन चाचपलं. "हं," मी म्हटलं. "आता मी आहे."

सरांनी खिशातून किल्ल्या काढून माझ्या हातात ठेवल्या, आणि मग दोन्ही तळहात उघडून, उलटेसुलटे करून मला दाखवले. रिकामे.

ते जिना उतरायला लागले. ते अर्ध्यावर पोचले तेव्हा मी वरून विचारलं, "सर, काही धरून ठेवलं नाही ना?"

ते कठड्याला धरून उभे राहिले. हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलाच नव्हता. वर न बघता म्हणाले, "थोडं भेव आहे, बेटा."

"मंग सोडा ते इथे. सोडल्याबिगर कसे जाल?"

सर हसले, आणि सावकाश खाली उतरून गाडीत बसले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ऑपरेशनच्या दिवशी गॅरेजचं शटर खाली होतं. खालून ठोकाठोकी ऐकू येत नसली की वर शिकवणं किती अवघड जातं हे मला त्या दिवशी कळलं. सरांनी फोन करायचा नाही हा नियम मीच घातलेला, आणि आता तो मलाच जाचत होता. चाचींनी सांगितलं, ऑपरेशन झालं, पण शुद्ध यायची आहे. दुसऱ्या दिवशी मी डिस्ट्रक्टरचं प्रकरण काढलं. फळ्यावर क्रम लिहीत होते. शेवटचं पहिलं, पहिलं शेवटी. पोरं माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या फोनकडे बघत होती. मीही तेच करत होते.

दुपारी तो वाजला. चाचा होते. आयसीयूत एकालाच सोडत होते, तर ते गेले होते आणि नर्सबाईंची नजर चुकवून फोन लावला होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

"होश आया," चाचा कुजबुजले. "पर बेटा, डॉक्टर लोग घबरा गए. नाव पूछा, बोला नहीं. फिर पूछा, तो बोट उठाया और बोला..." त्यांना पुढे बोलवेना. ते हसत होते की रडत होते ते कळायला मार्ग नव्हता. "बोला, थांबा, अजून मी झालो नाही. डॉक्टर बोले, दिमाग पे असर हुआ. मैं बोला, नहीं साब, दिमाग तो एकदम जगह पे है!"

वर्गात एक पोरगी हुंदका देऊन हसली.

"अभी चष्मा मांगा. नर्स ने पुसून लगा दिया, तो उतारके खुद पुसा. पाणी मना है, तो ओठ को गीला कापूस लगाया. अब पेन ढूंढ रहा है. दवाखाने के कपडे को खिसा कहां? नर्स का पेन लेके हाथ में दिया है. रुक, फोन उसके पास पकडता हूं."

फोनमध्ये खरखर झाली. मशीनचा टिकटिक आवाज येत होता, आणि कुणीतरी दमून, पण सावकाश श्वास घेत होतं. कुणी हाक मारली नाही. सर होईपर्यंत बोलायचं नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. खडू हातात धरून मी उभी होते.

"हं," सर म्हणाले. "आता मी आहे."